हवा काढून केलेला जोड आणि आपल्या ट्रॉलीची दांडी

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा आहे. तो आहे लोखंडाचा जोड. तुम्ही म्हणाल, शेतकीच्या माणसाला वेल्डिंगचं काय पडलंय? पण तुमच्या शेतातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडेपर्यंत एका जोडाच्या भरवशावर रस्ता कापतो. तो जोड म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधली दांडी. हा धडा मला त्या दांडीनेच शिकवला, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवतो.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. एका सभासदाच्या ट्रॉलीची दांडी रिंगेजवळ तडकली होती. "साहेब, वेल्डिंग करून आणतो, मग तोडीला लागू," असे ते म्हणाले. मी निरोप धाडला, "लवकर उरका, तुमची तोड आली आहे, टोळी बसून राहील." त्यांनी रातोरात काम उरकले. आठव्या दिवशी भरलेली ट्रॉली चढावर असताना दांडी तिथेच तुटली. ट्रॉली मागे सरकून चारीत उलटली. मागचा बैलगाडीवाला वेळीच बाजूला झाला म्हणून वाचला. दांडीवर बसून येणारा तोडणी कामगाराचा मुलगा मात्र पायाने कायमचा अधू झाला. लवकर उरका, हा निरोप माझाच होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

तुटलेला तुकडा घेऊन मी नवीन जालन्यात एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "साहेब, ही दांडी त्या दिवशी तुटली नाही. ती आधीच तुटलेली होती. हे बघा, खालचा तीन हिस्से भाग काळा न् गंजलेला. ही जुनी भेग. वरचा एक हिस्सा चकचकीत, हा नवा जोड. भेग तशीच ठेवून वरून रॉड ओढला. रॉड ओला होता, म्हणून आत ही बारीक भोकं. आणि घाई होती म्हणून तापलेल्या जोडावर पाणी मारलं असणार." थोडे थांबून ते पुढे म्हणाले, "माझा भाचा मुंबईकडं एका कारखान्यात आहे. तिथं जोड द्यायच्या आधी पेटीतली हवासुद्धा काढून टाकतात. ना रॉड, ना ज्योत. नुसता इलेक्ट्रॉनचा झोत मारतात. आणि आपण गंजावर रॉड ओढतो!"

ते बोलणे डोक्यातून जाईना. आपल्या कारखान्याच्या इंजिनिअर मंडळींना विचारले, थोडे वाचले. जे समजले ते आपल्या भाषेत सांगतो.

जोड म्हणजे कलम

आपल्या जिल्ह्यात मोसंबीची कलमे कोणाला सांगायला नकोत. जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरताना आपण काय बघतो? चाकू स्वच्छ हवा. काप नेमका बसला पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये. आणि भरल्याबरोबर पट्टी घट्ट बांधायची, म्हणजे हवा-पाणी आत शिरत नाही. या तिन्हींत एक चुकले तरी डोळा वाळतो.

लोखंडाचेही तसेच आहे. पूर्वी गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाची धाव जोडायचा. पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरीशुभ्र होईपर्यंत तापवायचा, त्यावर वाळू किंवा टाकणखार टाकायचा आणि घणाचे घाव घालायचा. टाकणखार कशासाठी? तापलेल्या लोखंडावर हवेमुळे खपली धरते. ती खपली मध्ये राहिली तर जोड बसत नाही. टाकणखार ती वितळवतो आणि घावासरशी ती बाहेर उडते. म्हणजे हवा हा जोडाचा वैरी आहे, हे लोहाराला ठाऊक होते. आजच्या वेल्डिंग रॉडवर जे लेपन असते तेही बरेचसे याच कामासाठी. ते जळून वायू आणि मळी तयार होते व वितळलेल्या धातूला हवेपासून झाकते.

इलेक्ट्रॉन झोताच्या वेल्डिंगमध्ये झाकण्याची भानगडच ठेवलेली नाही. हवाच काढून टाकायची.

झोत तयार कसा होतो

इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचा सूक्ष्म कण. जे. जे. थॉमसन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १८९७ साली ओळखला. जुन्या खोक्याच्या टीव्हीत मागे जी लांब मानेची काचेची नळी असे, तिच्यात इलेक्ट्रॉनचाच झोत पडद्यावर आपटून चित्र उमटवी. वेल्डिंगचे यंत्र त्याच कुळातले, पण ताकद अफाट.

यंत्राच्या डोक्यावर एक 'गन' असते. तिच्यातली टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. त्यांना साधारण ६० हजार ते दीड लाख व्होल्टचा दाब देऊन पुढे ढकलतात. आपल्या मोटरपंपाला ४१५ व्होल्ट लागतात, त्यावरून अंदाज करा. दीड लाख व्होल्टला इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ९० हजार किलोमीटर होतो. मग विजेच्या वेटोळ्यांनी तयार केलेले चुंबकीय भिंग हा झोत एकवटते. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळण्याचा खेळ आपण लहानपणी केलेला आहे, तोच प्रकार. झोताचा ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत बारीक करता येतो.

हे कण धातूवर आदळून थांबतात आणि त्यांच्या वेगाची सगळी ऊर्जा तेवढ्या जागेत उष्णता होऊन प्रकट होते. नेहमीच्या वेल्डिंगच्या मानाने त्या ठिपक्यावर उष्णतेचा मारा शंभर पटींहून अधिक असतो. तिथला धातू नुसता वितळत नाही, त्याची वाफ होते. वाफेने बारीक भोक पडते, झोत त्या भोकातून आणखी खाली उतरतो, पुन्हा वाफ, पुन्हा भोक. भोकाच्या भिंतींना वितळलेला धातू असतो. झोत पुढे सरकला की तो धातू मागे वाहून भोक भरतो आणि गोठतो. दोन्ही तुकडे एकजीव होतात. बहुतेक कामांत वरून भर घालायला रॉड लागत नाही.

विहीर आणि बोअर

साध्या वेल्डिंगने ५० मिलिमीटर जाड पोलाद जोडायचे तर कडा तासून इंग्रजी 'व्ही'सारखी खाच करावी लागते आणि थरावर थर देत ती भरावी लागते. हे विहीर खणण्यासारखे झाले. पाणी खोल असो वा उथळ, वरचा घेर मोठाच ठेवावा लागतो. इलेक्ट्रॉनचा झोत बोअर मारतो. खोली रुंदीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. तेवढीच जाडी तो एका फेरीत, काही मिलिमीटर रुंदीच्या जोडाने पार करतो. मोठी यंत्रे १०० मिलिमीटरच्याही पुढे जातात.

याचा फायदा निव्वळ वेळेचा नाही. जोड बहुधा जोडात तुटत नाही, जोडाच्या शेजारी तुटतो. वेल्डिंगची उष्णता दोन्ही बाजूंच्या धातूत पसरते. ती पट्टी वितळत नाही, पण तिचा स्वभाव बदलतो. पोलाद कडक जातीचे असेल आणि झटकन गार झाले तर ती पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. पाटाने मोकाट पाणी दिले की मुळाला लागते थोडे आणि जमीन खराब होते फार. ठिबकने दिले की लागेल तिथेच आणि लागेल तेवढेच मिळते. झोताचे वेल्डिंग म्हणजे उष्णतेचे ठिबक. बिघडणारी पट्टी अगदी अरुंद राहते आणि वस्तू वाकडी होत नाही.

हवा का काढायची

याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे हवेच्या कणांवर आपटून झोत विखुरतो. सोसाट्याच्या वाऱ्यात फवारणी केली तर औषध पिकावर कमी आणि बांधावर जास्त पडते, तसे होते. दुसरे, काही धातू तापले की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ बनतात. टायटॅनियम आणि झिर्कोनियम हे त्यांतले. म्हणून काम पोलादी पेटीत बंद करतात आणि पंपाने हवा ओढून आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक कोटीव्या भागापर्यंत उतरवतात.

पण पेटीत ठेवण्याआधीची तयारी ऐका. दोन्ही कडा तासून अशा बसवतात की फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच राहावी. तेलाचे बोट, गंज, रंग, ओल यांतले काही चालत नाही. पोलादात चुंबकपणा शिल्लक असेल तर तो आधी उतरवावा लागतो, नाहीतर झोत वाकून जोडाच्या बाजूला पडतो. झोत धातूवर आदळताना क्ष-किरण निघतात, त्यासाठी पेटीला जाड पोलादाचे किंवा शिशाचे कवच असते. प्रत्यक्ष जोड पुष्कळदा मिनिटभरात होतो. जास्त वेळ जातो तो तयारीला आणि हवा काढायला. ही गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जास्त लागली.

हे कुठे वापरतात

जर्मनीत कार्ल-हाइन्झ स्टायगरवाल्ड यांनी १९५०नंतरच्या दशकात अशी यंत्रे उभी केली. त्याच सुमारास फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्यातील जे. ए. स्टोर यांनी अणुभट्टीच्या कामासाठी ही पद्धत वापरली आणि १९५७ साली ती जगापुढे मांडली. अणुइंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात आणि तो धातू हवेत जोडला तर बिघडतो. म्हणून ही गरज निर्माण झाली. आपल्या राज्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तिथेही इंधन झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांतच असते. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्राने तर इलेक्ट्रॉन झोताची वेल्डिंग यंत्रे स्वतः तयार केली आहेत.

इस्रोच्या रॉकेटमध्ये प्रचंड दाबाखाली वायू साठवण्यासाठी टायटॅनियमच्या गोल टाक्या असतात. दोन अर्धगोल समोरासमोर ठेवून त्यांचा जोड याच झोताने करतात. आपल्या साखर धंद्याला अभिमान वाटावा अशीही एक गोष्ट आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रे बनतात आणि तिथेच इस्रोच्या रॉकेटची पोलादी कवचेही बनली. ऊस पिळणारा घाणा आणि आकाशात जाणारे रॉकेट, दोन्हींना धातू जोडण्याची विद्या लागते.

एवढ्या लांबही जायला नको. डिझेल इंजिनाला 'टर्बो' असतो. त्यातले गरम धुराने फिरणारे चाक निकेलच्या मिश्रधातूचे आणि त्याचा दांडा पोलादाचा. या दोन भिन्न धातूंचा जोड अनेक कारखाने इलेक्ट्रॉन झोताने करतात. चांगल्या हॅक्सॉच्या पानाला कडक पोलादाचे दात आणि लवचिक पोलादाची पाठ असते, तेही याच झोताने एकत्र येतात. तेव्हा टर्बोचा दांडा तुटला तर तो गावात वेल्ड करून घालू नका. मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरणारी ती वस्तू आहे.

मग आपल्या कारखान्यात हे यंत्र का नाही? कारण गरज नाही. यंत्राची किंमत कोटीत जाते आणि वस्तू पेटीत मावावी लागते. आपल्या मिलच्या रोलरला उसाची पकड यावी म्हणून त्याच्या ओतीव लोखंडी दातांवर कठीण रॉडने मुद्दाम खडबडीत ठिपके मारतात. ते काम साध्या आर्क वेल्डिंगनेच करायचे असते. खुरप्याच्या कामाला नांगर जुंपू नये. बॉयलरच्या नळ्यांना मात्र कोणीही हात लावत नाही, तिथे कायद्याप्रमाणे परीक्षा दिलेलाच वेल्डर लागतो.

दांडीला कायदा तोच

ट्रॉलीच्या दांडीसाठी अशी परीक्षा कोणी मागत नाही. पण आठ-दहा टन ऊस तिच्यावर ओढला जातो आणि रस्त्यावर आपलीच माणसे चालत असतात. हवा काढणे आपल्याला जमणार नाही. बाकी सगळे जमते. हंगाम सुरू होण्यापूर्वी एवढे करा:

१. जुन्या भेगेवर रॉड ओढू देऊ नका. भेग ग्राइंडरने मुळापर्यंत काढून, खाच करून मगच भरावी. भेग मोठी असेल किंवा त्याच जागी दुसऱ्यांदा आली असेल तर दांडी बदलावी.

२. जोडाच्या जागेवरचा रंग, गंज, ग्रीस, माती काढून धातू चकचकीत करावा. चाकू न पुसता डोळा भरतो का आपण?

३. अशा कामाला लो-हायड्रोजन जातीचे रॉड मागावेत आणि ते पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ओव्हनमध्ये तापवून वापरावेत. ओल्या रॉडमधल्या पाण्यातून हायड्रोजन वायू सुटून धातूत शिरतो. जोड त्या दिवशी चांगला दिसतो आणि भेग नंतर तासांनी किंवा दिवसांनी पडते.

४. तापलेल्या जोडावर पाणी कधीही मारू नये. जाड भाग आधी थोडा तापवून घ्यावा आणि जोड झाल्यावर कोरड्या राखेने झाकून सावकाश गार होऊ द्यावा.

५. पिन वेल्ड करून किंवा सळईचा तुकडा घालून वापरू नये. झिजलेली पिन बदलावी आणि तिला कडी लावावी. दांडीबरोबर सुरक्षेची साखळी असावी.

६. दांडीवर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नये.

खडू आणि डिझेलची परीक्षा

भेग डोळ्यांना दिसत नाही, पण ती शोधायला मोठे यंत्र लागत नाही. पूर्वी रेल्वेत आसांच्या भेगा तेल आणि खडूने शोधत. तीच रीत आपण वापरू. दांडीचा जोड आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा चार बोटे भाग तारेच्या ब्रशने घासून उघडा करा. त्यावर डिझेल किंवा रॉकेल लावून अर्धा तास थांबा. मग फडक्याने अगदी कोरडे पुसा आणि खडूची बारीक पूड पातळ थरात चोळा. बाजूला हातोडीचे हलके ठोके द्या. भेग असेल तर तिच्यात मुरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळपट ओली रेघ उमटते. रेघ दिसली की ट्रॉली बाजूला लावा. परीक्षा झाल्यावर तेल पुसून जागा पूर्ण कोरडी झाल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी जवळ आणू नका. ही परीक्षा वरच्या भेगाच दाखवते, आत दडलेले भोक दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

त्या मिस्त्रींना मी निघताना विचारले, "मग तुमच्या भाच्याच्या यंत्राचा जोड आपल्या जोडापेक्षा किती पटीने चांगला?" ते म्हणाले, "यंत्र राहू द्या, साहेब. त्या यंत्राला घाण चालत नाही, म्हणून तिथला माणूस मुकाट्यानं साफ करतो. आपल्या रॉडला घाण चालल्यासारखी वाटते, म्हणून आपण करत नाही. एवढाच फरक."

सभासद बंधूंनो, तेव्हापासून मी एक नेम केला आहे. कोणी म्हणाले, "साहेब, दांडीचं काम काढलंय," तर मी "लवकर उरका" म्हणत नाही. "नीट करा, तुमची तोड दोन दिवस पुढे धरतो," असे म्हणतो. टोळी दोन दिवस दुसऱ्या फडात जाईल, ऊस दोन दिवसांनी गव्हाणीत पडेल, त्याने फार बिघडत नाही. त्या पोराचा पाय मात्र परत येत नाही.